पेन्शनवर आलेली पोरं संघटनेकडे का फिरकत नाहीत?

पत्राचा सारांश : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेचे अध्यक्ष लिहितात. वय ६९, सुभेदार म्हणून निवृत्त. संघटनेचे कागदावर २१० सभासद आहेत, त्यात पन्नाशीच्या आतले जेमतेम १५. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी १० वाजता बैठक होते, तीसेक जण येतात आणि तेच ते येतात. गेल्या दहा वर्षांत पेन्शनवर आलेली मुलं काम पडलं की फोन करतात, काम झालं की दिसत नाहीत, वर्गणीचं नाव काढलं की टाळतात. ‘युवा आघाडी’ काढून पाहिली, ती दोन बैठकांत बंद पडली. आता कार्यकारिणीत दोन तट आहेत. एक म्हणतो, सभासद नसलेल्याला शिफारसपत्र आणि मदत बंद करा. दुसरा म्हणतो, चालेल तोवर चालवू, मग कुलूप लावू. त्यात उद्या अग्निवीर (अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी भरती झालेले सैनिक) परत आले की त्यांना सभासद करायचं का, यावरूनही वाद आहे. शेवटी ते विचारतात : या पिढीला फौजेचा अभिमान उरला नाही का?

नमस्कार सुभेदारसाहेब,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देणं गरजेचं आहे, कारण बाकीचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून आहेत. अभिमान उरला आहे. तालुक्यातल्या कुठल्याही चाळिशीच्या माजी सैनिकाचा मोबाइल पाहा. त्यात पलटणीचा ग्रुप असतो, भरतीच्या बॅचचा असतो, राष्ट्रीय रायफल्समध्ये (काश्मीरमधलं दहशतवादविरोधी दल) एकत्र काढलेल्या टेन्युअरचा, म्हणजे नेमणुकीच्या काळाचा असतो. युनिटच्या रेझिंग डेला, म्हणजे स्थापना दिनाला, हीच मुलं गाडी ठरवून, खर्च वाटून घेऊन जातात. ती जमतात, पण पलटणीच्या नावाने जमतात, तालुक्याच्या नावाने नाही. पलटणीतल्या माणसाबरोबर त्यांनी पोस्टवर रात्री काढलेल्या असतात. तालुक्याच्या संघटनेतला माणूस त्यांना पहिल्यांदा भेटतो तोच मुळी पावतीपुस्तक घेऊन.

आता वयाचा हिशोब मांडा. सुभेदार म्हणून तुम्ही निवृत्त झालात तेव्हा पन्नाशीला टेकला असाल. मुलं मोठी झालेली, घर उभं राहिलेलं, पेन्शनही त्यातल्या त्यात बरी. एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला आणि १७ वर्षांची नोकरी करून नायक म्हणून सुटलेला मुलगा घरी येतो तेव्हा ३६ वर्षांचा असतो. त्याची पोरं पाचवी-सातवीत असतात. शाळेसाठी बिऱ्हाड कराडला, साताऱ्याला किंवा कोल्हापूरला हलवलेलं असतं, म्हातारे आईवडील गावात असतात, डोक्यावर घराचं कर्ज असतं आणि त्याला पुढची २० वर्षं कमवायचं असतं. तो बँकेत गार्ड असतो, कारखान्याच्या गेटवर १२ तासांची ड्यूटी करतो किंवा पोलीस-तलाठी भरतीचा अभ्यास करत असतो. रविवारी सकाळी १० ची बैठक निवृत्त माणसाला सोयीची आहे. त्याला मात्र त्यासाठी आठवड्याची एकमेव सुट्टी द्यावी लागते, आणि ती देऊन त्याला काय मिळतं? मान्यवरांचा सत्कार, तीन भाषणं, इतिवृत्त वाचन आणि चहा.

एक कारण सहसा कोणी तोंडावर सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहे. शासकीय नोकरीत लागलेला माजी सैनिक तुमच्या मोर्चाला येऊ शकत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ त्याला लागू असतात. राजकीय कार्यक्रमात भाग घेणं त्याला मना आहे आणि निदर्शनांवरही बंधनं आहेत. पोलिसाचं तर विचारायलाच नको. निवडणुकीच्या वर्षी संघटनेच्या व्यासपीठावर एखादा उमेदवार आला आणि त्याचा फोटो ग्रुपवर फिरला, तर त्या फोटोत दिसलेल्या तलाठ्याला खुलासा द्यावा लागतो. दोनदा असं झालं की तो परत येत नाही आणि का येत नाही तेही सांगत नाही. तुमच्या तालुक्यात असं घडलं आहे का, ते आठवून पाहा.

तुमच्या पिढीने केलेलं काम लहान नाही. ‘वन रँक वन पेन्शन’साठी, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन मिळावी म्हणून, २०१५ च्या उन्हाळ्यात जंतरमंतरवर बसलेले बहुतेक लोक साठीच्या पुढचे होते. ७ नोव्हेंबर २०१५ ला आदेश निघाला, १ जुलै २०१४ पासून लाभ लागू झाला, आणि दर पाच वर्षांच्या फेरआढाव्याप्रमाणे १ जुलै २०१९ आणि १ जुलै २०२४ पासून पेन्शन सुधारली. पण ज्या मागणीने तुमची संघटना भरली, ती मागणी बऱ्याच अंशी मान्य झाली. आज सुटणाऱ्या मुलाला पेन्शनच्या दराची लढाई लढायची नाही. त्याची अडचण कागद आणि नोकरी ही आहे. संघटना अजूनही जुन्या लढाईच्या घडणीवर चालली आहे : निवेदन, मोर्चा, मेळावा, सत्कार. मुलांचं दूर राहणं बरंचसं यामुळे आहे, ते कृतघ्नपणातून आलेलं नाही.

कार्यक्रमांचंही तसंच. विजय दिनी, १६ डिसेंबरला, ७१ च्या लढाईतले साहेब बोलतात, आणि ते बोललेच पाहिजेत. पण त्याच सभागृहात मागे बसलेला मुलगा सियाचीनला राहिलेला असतो, काश्मीरमध्ये घेराबंदी-तलाशीत सोबती गमावलेला असतो, २०२० नंतर पूर्व लडाखमध्ये हिवाळा काढलेला असतो. त्याच्या नोकरीला विजय दिन नाही, म्हणून त्याला माइक मिळत नाही. खुर्च्या हुद्द्याने लावल्या जातात, ओळख हुद्द्याने होते. १७ वर्षं हुद्द्याखाली काढून आलेल्या माणसाला गावात तरी बरोबरीने बसायचं असतं.

आता तुमच्या पुढ्यातले दोन पर्याय. मदत बंद करण्याचा पर्याय सोडून द्या. माजी सैनिकाला मिळणारी एकही सवलत तुमच्या सभासदत्वावर अवलंबून नाही. ओळखपत्र, शिष्यवृत्ती, अनुदान, नोकरीसाठीचे दाखले हे सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून होतं आणि तिथे संघटनेचं शिफारसपत्र सक्तीचं नाही. ही गोष्ट मुलांना एका फोनमध्ये कळते. धमकी पोकळ निघाली की उरलीसुरली इज्जतही जाते. कुलपाचा पर्याय तर त्याहून वाईट, कारण तालुक्यातल्या वीरपत्नी आणि ऐंशीपुढचे पेन्शनर कोणाच्या दारात जाणार? ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर हयातीचा दाखला दरवर्षी भरावा लागतो, आणि एखाद्या आजींचं बोट घासलेलं असेल, ठसा उमटत नसेल, तर पेन्शन अडकू शकते.

एक बाहेरचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतली ‘अमेरिकन लीजन’ ही संघटना १९१९ साली पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांनी काढली. दुसरं महायुद्ध चालू असतानाच, १९४२ मध्ये, तिने सभासदत्वाची अट बदलून नव्या युद्धातल्या सैनिकांना आत घेतलं. परतणाऱ्यांच्या शिक्षणासाठी आणि घरासाठी १९४४ चा कायदा व्हावा म्हणून ती पुढे झाली. १९४६ मध्ये तिचे सुमारे ३३ लाख सभासद होते. व्हिएतनामहून परतलेल्या अनेकांना मात्र जुन्या संघटनांत परकं वाटलं आणि १९७८ मध्ये त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. मुलं घरी पोहोचण्याआधी त्यांच्या पुढच्या आयुष्याचं काम ज्यांनी हातात घेतलं, त्यांच्याकडे मुलं आली. तालुक्यातही याहून वेगळं होणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा : ‘सभासद वाढवा’ हा विषय वर्षभर बैठकीत घेऊच नका. सुटण्याआधीचे सहा महिने आणि घरी आल्यानंतरचं पहिलं वर्ष, एवढाच दीड वर्षाचा काळ धरा आणि त्यातली कामं संघटनेची म्हणून करा.

सुरुवात गावनिहाय यादीने करा. चार-पाच गावांमागे एक माणूस नेमा. येत्या वर्षभरात कोण सुटतंय हे त्याने घराघरातून विचारून आणावं. गावात हे सगळ्यांना माहीत असतं. मग तुम्ही स्वतः फोन करू नका. अध्यक्षांचा फोन आला की मुलगा ‘हो साहेब, हो साहेब’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. तीन-चार वर्षांपूर्वी सुटलेल्याने करावा आणि एकच विचारावं : कागदांत काही अडलंय का?

अडलेलं असतंच, आणि बहुतेक वेळा ते एकाच जागी अडलेलं असतं. लग्नानंतर युनिटच्या क्लार्कने पार्ट टू ऑर्डर (सैनिकाच्या सेवा-नोंदीत कुटुंबाची माहिती चढवणारा आदेश) काढताना बायकोचं नाव ‘संगीताबाई’ लिहिलेलं असतं. आधारवर ‘संगीता’ असतं, बँकेत माहेरचं आडनाव असतं, जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर जूनची आणि आधारवर १ जानेवारी असते. नोकरीत असेपर्यंत हे युनिटमधून दुरुस्त होतं, नवी पार्ट टू ऑर्डर निघते आणि काम संपतं. सुटल्यावर त्याच दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र, दाखले, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि रेकॉर्ड ऑफिस अशी महिनोन्‌महिने वारी होते. दुरुस्ती झालीच नाही, तर त्याचा फटका नवरा गेल्यावर कुटुंब पेन्शन मागताना त्या बाईला बसतो. सुटण्याच्या सहा महिने आधी पाच नोंदी तपासून घेतल्या, म्हणजे त्याचं स्वतःचं, बायकोचं, मुलांचं, आईचं आणि वडिलांचं नाव व जन्मतारीख आधारशी अक्षरन्‌अक्षर जुळवून पाहिली, तर हे टळतं. एक फोन आणि एक छापील कागद एवढ्यात होणारं हे काम आहे. ज्याचं ते तुम्ही कराल, तो तुमचं नाव विसरणार नाही.

दुसरं, नोकरी. केंद्राच्या गट क पदांत १० टक्के आणि गट ड मध्ये २० टक्के, सरकारी बँकांत अनुक्रमे साडेचौदा आणि साडेचोवीस टक्के, महाराष्ट्र शासनाच्या गट क व ड मध्ये १५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी असतात, हे बहुतेकांना माहीत असतं. पण सेवेच्या शेवटच्या वर्षात युनिटचं ना-हरकत पत्र घेऊन अर्ज करता येतो, हे कित्येकांना घरी आल्यावर कळतं आणि तोवर वर्ष वाया गेलेलं असतं. दुसरी चूक याहून महागात पडते. केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिली सरकारी नागरी नोकरी धरली की माजी सैनिक म्हणून मिळणारं आरक्षण संपतं. मात्र त्याआधी ज्या ज्या पदांना अर्ज केलेत, त्यांची तारीखवार यादी रुजू होताच नव्या कार्यालयाला लेखी दिली, तर त्या अर्जांपुरता हक्क टिकतो. हा एक कागद न दिल्यामुळे गार्डच्या नोकरीत अडकलेले आणि पुढे क्लार्कच्या यादीत नाव येऊनही जाऊ न शकलेले लोक असतात. तालुक्यातून एक बँकेत लागलेला, एक महसूल खात्यात गेलेला आणि एक पोलिसात गेलेला, असे तीन जण शोधा. महिन्यातून एका संध्याकाळी तासभर त्यांनी नव्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, एवढंच त्यांच्याकडे मागा. भाषण नको, हारतुरे नकोत.

तिसरं, पैसा. सुटताना ग्रॅच्युइटी, फंड, आर्मी ग्रुप इन्शुरन्स, रजेचा पगार आणि पेन्शन विक्रीची (पेन्शनचा काही भाग सोडून एकरकमी घेतलेली) रक्कम असं सगळं एकदम खात्यात येतं, आणि ती बातमी गावात त्याच्याआधी पोहोचते. भिशीवाला येतो, प्लॉटवाला येतो, भावकी येते. पहिले सहा महिने पैसा मुदत ठेवीत ठेवा आणि कोणालाही शब्द देऊ नका, हे बायकोसमोर बसून सांगणारा एक वडीलधारा फौजी हवा. इथे मात्र तुमचं वय आणि हुद्दा कामाला येतो, कारण भावकीला नाही म्हणताना ‘सुभेदारसाहेबांनी थांबायला सांगितलंय’ हे वाक्य त्या मुलाला आधाराचं असतं.

मुलांच्या शिक्षणाचं अनुदान हेही त्यांच्या वयाशी नेमकं जुळतं. हवालदार आणि त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून पहिली ते पदवीपर्यंत दोन मुलांसाठी मदत मिळते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ती दर मुलामागे महिना १००० वरून २००० रुपये झाली आहे. अर्ज ऑनलाइन, मागची इयत्ता पास झाल्याची गुणपत्रिका जोडून. निकालानंतर जून-जुलैत दोन संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसलात, तर बैठकीला कधी न आलेली कुटुंबं येतील. बहुधा बायकाच येतील, आणि ते चांगलंच आहे.

या कामांची वेळ संध्याकाळी ७ ते साडेआठ ठेवा. राज्य शासनाची कार्यालयं २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार ड्यूटी करणाऱ्याला सैनिक कल्याण कार्यालय गाठणंच कठीण जातं. इथे तुमची निवृत्त मंडळी मोलाची आहेत. पंधरा दिवसांतून एक दिवस ठरवा. दोन ज्येष्ठांनी जमलेले अर्ज घेऊन जिल्ह्याला जावं, त्रुटी लिहून आणाव्यात आणि संध्याकाळी त्या त्या माणसाला फोन करून सांगाव्यात. अर्जदाराने स्वतः हजर राहण्याची अट ज्या कामाला आहे, ती कामं आधीच वेगळी काढा.

वर्गणी पहिलं वर्ष मागू नका. दुसऱ्या वर्षी मागाल तेव्हा सोबत मागच्या वर्षाचा जमाखर्च एका पानावर द्या. किती शाल-श्रीफळावर गेले आणि किती कामावर, हे त्यात दिसतं, आणि मुलं नेमकं तेच बघतात.

‘युवा आघाडी’ का बुडाली, तेही बोलायला हवं. तिला नाव मिळालं, पद मिळालं, पण खातं आणि निर्णय वरच राहिले. कार्यक्रमाला खुर्च्या लावणं हे काम राहिलं. वेगळी आघाडी काढण्यापेक्षा मूळ कार्यकारिणीतच जागा मोकळ्या करा : खजिनदार किंवा सचिव यांपैकी एक पन्नाशीच्या आतला, बँकेत सहीचा अधिकार असलेला, आणि कोणीही एका पदावर सलग दोन मुदतींपेक्षा जास्त नाही. अट कमी वयाची आहे म्हणून माणूस कच्चा असेल असं नाही. पलटणीचा क्लार्क किंवा क्वार्टरमास्टर स्टोअर सांभाळलेला हवालदार तुमच्या आजच्या खजिनदारापेक्षा हिशोब चोख ठेवेल.

हे करताना एक गोष्ट हमखास राहते. निवड होते, पेढे वाटले जातात आणि बदल अर्ज दाखल होत नाही. तुमची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर पदाधिकारी बदलल्यापासून ९० दिवसांत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली सहायक धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज गेला पाहिजे. तो गेला नाही तर बँक सह्या बदलायला तयार होत नाही, जुनेच सही करत राहतात, नवा खजिनदार नावापुरता उरतो आणि सहा महिन्यांत यायचा बंद होतो. आधीच्या निवडींचे अर्ज प्रलंबित असतील तर तेही क्रमाने निकाली काढावे लागतील. सभेची नोटीस, ती मिळाल्याच्या पोचा, हजेरीपट आणि ठराव यांच्या मूळ प्रती आजच एका फाइलमध्ये लावा.

मुलांना बैठकीपेक्षा हातातलं काम जास्त खेचतं. तालुक्यात भरतीच्या पोरांना पहाटे मैदानावर १६०० मीटर पळवणारा कोणीतरी नुकताच सुटलेला माजी सैनिक असतोच. तो संघटनेत नाही, पण संघटनेनेच करायला हवं होतं ते काम करतो आहे. त्याला मैदानाची परवानगी, स्टॉपवॉच आणि प्रथमोपचाराची पेटी मिळवून द्या, आणि त्याबदल्यात तिथे स्वतःचा फलक लावू नका. कृष्णा-पंचगंगेच्या काठचा तालुका असेल तर २०१९ आणि २०२१ चा पूर तुम्ही पाहिला आहे. मे महिन्यात तहसीलदारांना भेटून गावनिहाय माजी सैनिकांची यादी, पोहणारे, बोट चालवणारे, वायरलेस आणि नर्सिंग असिस्टंट ट्रेडचे (फौजेत ते काम शिकलेले) लोक वेगळे दाखवून द्या. ज्याचा ट्रेड कोणी विचारला नव्हता, त्याला तो विचारला गेल्याचं समाधान मोठं असतं.

अग्निवीरांवरून तुमच्याकडे वाद आहे, आणि यात मी ठामपणे एका बाजूला आहे. त्यांना घ्या. जून २०२२ ला योजना जाहीर झाली. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात, आणि त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार. बाकीचे पंचविशीच्या आसपासचे तरुण सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी घेऊन गावात येणार. योजनेच्या अटींप्रमाणे त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) नाही, कॅन्टीन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. ‘ते माजी सैनिकच नाहीत’ हे तुमच्या काही सभासदांचं म्हणणं सरकारी व्याख्येपुरतं बरोबर आहे. पण संघटनेचं दार कोणाला उघडायचं हे सरकारी व्याख्या ठरवत नाही, तुमची घटना ठरवते. सैनिक कल्याण कार्यालयाच्या बऱ्याच योजना ज्याला लागू नाहीत, त्यालाच गावातल्या फौजी माणसाची गरज जास्त आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या राखीव जागांची माहिती, कौशल्य प्रमाणपत्राचा उपयोग आणि तो सेवा निधी भिशीत न घालण्याचा सल्ला त्याला कोण देणार?

‘सहयोगी सभासद’ असा बिनमताचा वर्ग काढून वेळ मारून नेण्याचा मोह होईल. तसं करू नका. ज्याने गणवेशात चार वर्षं दिली, त्याला मत द्या. वीरपत्नींनाही मत आहे का, ते याच निमित्ताने घटनेत तपासा. कित्येक संघटनांत त्यांना सत्काराला बोलावतात आणि मतदानाला नाही.

यासाठी कोणती वाट धरायची ते घटनेच्या मजकुरावर ठरेल. सभासदत्वाची अट नियमावलीत असेल, तर नियमावलीत सांगितलेल्या पद्धतीने दुरुस्ती करा. ‘माजी सैनिकांचे कल्याण’ हा शब्द उद्देशातच असेल आणि तो व्यापक करायचा असेल, तर संस्था नोंदणी अधिनियम, १८६० चं कलम १२ लागतं. लेखी प्रस्ताव सभेच्या १० दिवस आधी प्रत्येक सभासदाला पोहोचलेला असावा, विशेष सभेत तीनपंचमांश मतांनी तो मंजूर व्हावा आणि एक महिन्याच्या अंतराने बोलावलेल्या दुसऱ्या विशेष सभेत तितक्याच मतांनी कायम व्हावा. कागदावरच्या २१० सभासदांपैकी हयात किती आणि पत्ते बरोबर किती, हे आधी तपासल्याशिवाय ती नोटीस काढू नका, नाहीतर पोचांवरूनच पुढे हरकत येते. यादी शुद्ध करायला दोन महिने आणि दोन सभांना दीड महिना धरा, म्हणजे पहिल्या सभेची तारीख आताच ठरवता येईल.